फ्रीझरमधली घोंगडी

उद्घाटन रविवारी होतं, आणि बुधवारी सकाळी आमच्या संग्रहालयात दोन गोष्टी ठिकाणावर नव्हत्या. एक दालनातले दिवे आणि दुसरं माझं डोकं. दिवे बसवणारा माणूस पिरंगुटहून ‘निघालोच’ म्हणून तासभर निघतच होता. कर्नलसाहेब दर दहा मिनिटांनी माझ्या टेबलाशी येऊन विचारत होते, "मॅडम, रविवारी होईल ना सगळं?" चौथ्यांदा मी म्हटलं, "तुम्ही विचारायचं थांबवलंत तर होईल." ते निमूट गेले. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

संग्रहालय त्यांचं होतं. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी भरे गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, एका कारखान्याचं रिकामं गोदाम घेतलं आणि आयुष्यभर जमवलेलं लष्करी सामान तिथे मांडायचं ठरवलं. हेल्मेटं, वायरलेसचे संच, जेवणाचे डबे, पत्रं, नकाशे आणि एक अख्खी रांग भरेल इतके लोकरी ओव्हरकोट. मी पुण्यातल्या एका संग्रहालयात तीस वर्षं जुनी कापडं सांभाळली होती. निवृत्तीनंतर घरी बसून मी नवऱ्याच्या शर्टांच्या कॉलरी तपासायला लागले, तेव्हा त्यानंच मला हे काम शोधून दिलं.

लष्करी संग्रहालय म्हटलं की लोकांना बंदुका आठवतात. मला कसर आठवते. लोखंड गंजतं, पण ते दिसतं तरी. कसर लोकरीत अंडी घालते, ती डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एका कोटातून दुसऱ्यात जात वर्षा-दोन वर्षांत सगळ्या रांगेची चाळण करून टाकते. औषध मारलं तर कापड बिघडतं. म्हणून आमच्या कामात एक सरळ उपाय आहे. बाहेरून आलेली लोकर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करायची आणि दोन आठवडे उणे वीस अंशांवर गोठवायची. मग पिशवी न उघडता एक दिवस बाहेर ठेवायची, म्हणजे कापडाला दमटपणा येत नाही. यातून गेल्याशिवाय लोकरीचा धागासुद्धा आत येणार नाही, हा माझा नियम होता आणि तो मी दारावर चिकटवला होता. गोठवण्यासाठी कर्नलसाहेबांनी पिरंगुटच्या एका आइस्क्रीमवाल्याकडून फ्रीझरची लांबट पेटी भाड्यानं आणली. तिच्या झाकणावर गुलाबी कोनचं मोठं चित्र होतं. ते खरवडून काढा म्हणून मी दोनदा सांगितलं, पण कुणाला वेळ झाला नाही.

आमच्याकडे झाडलोट करायला येणारी बाई धनगरांची सून. त्यांची वस्ती लवळ्याच्या बाजूला, डोंगराखाली. एके दिवशी ओव्हरकोटांच्या रांगेत फडकं मारता मारता ती म्हणाली, "म्याडम, आमच्या मामांचा थोरला भाऊ मिलट्रीत व्हता. त्येची घोंगडी हाय आमच्या घरी." मामा म्हणजे तिचे सासरे. मी हे कर्नलसाहेबांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. आमच्याकडचं सगळं सामान लिलावांतून नाहीतर अधिकाऱ्यांच्या घरांतून आलेलं. आजूबाजूच्या गावातल्या साध्या शिपायाचं असं आमच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. बाहेर पडायच्या दाराशी असलेली शेवटची काचपेटी त्यांनी तिथल्या तिथे घोंगडीच्या नावानं राखून टाकली.

सासरे स्वतः घोंगडी घेऊन आले. सत्तरीच्या घरातले, काटक, डोक्याला मुंडासं. खांद्यावर त्यांची रोजची घोंगडी आणि हातात धुतलेल्या धोतरात बांधलेली भावाची. मी त्यांना बाबा म्हणू लागले. फॉर्म पुढे ओढला आणि एकेक प्रश्न विचारत गेले. लोकर कुणाची? घरच्या मेंढ्यांची. कुणी दिली? आईनं, भाऊ रजा संपवून निघाला तेव्हा. भाऊ कसा गेला?

"बर्फात गाडला ग्येला. घावला न्हाई."

मी लिहिलं, ‘मृत्यू: बर्फात. मृतदेह मिळाला नाही.’ खालच्या ओळीत, त्याच पेनानं, लिहिलं, ‘वस्तूची स्थिती: चांगली. एका कोपऱ्याला कसर.’

"कुटं ठिवनार?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यात सुरक्षित जागी."

"बगा हां. आयनं मरताना माज्या हातात दिलीया." त्यांनी घोंगडीला कपाळ लावलं आणि ती माझ्याकडे दिली. ते फाटकाबाहेर पडून दहा मिनिटं झाली नसतील, घोंगडी पिशवीत बंद होऊन त्या पेटीत गेलीसुद्धा. दिलेला शब्द आपण लगेच पाळला म्हणून मी खूश होते.

तर तो बुधवार. घोंगडी पेटीत जाऊन बारा दिवस झाले होते. आदल्या दिवशी सासऱ्यांनी सुनेला सहज विचारलं, दादाची घोंगडी कुठं ठेवलीय, आणि तिनंही सहज सांगितलं, आइस्क्रीमच्या पेटीत. सकाळी बाबा मेंढरं मुलाच्या हवाली करून थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"दावा," एवढंच म्हणाले.

मी त्यांना मागच्या खोलीत नेलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच झाकण उचललं. आतून पांढरी वाफ वर आली. पिशवीवर बर्फाचा पातळ थर धरला होता. त्यांनी तो तळहातानं पुसला, तेव्हा खालची काळी लोकर दिसली. ते बघत राहिले. मी कसरीबद्दल सांगू लागले, विद्यार्थ्यांना सांगते त्याच आवाजात, अंडी, अळी, उणे वीस अंश. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"बाई, मी सांगत व्हतो आन तुमी लिवत व्हता," ते म्हणाले. "माजा भाऊ बर्फात ग्येला, आसं तुमीच लिवलंय न्हवं?"

"हो."

"आन त्येची घोंगडी तुमी बर्फातच घातली."

लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत वाटली. आणि मला लाज वाटली की पाठोपाठ राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले.

"आज काढली तर बारा दिवसांचं काम मातीत जाईल. शुक्रवारपर्यंत ती हलवता येणार नाही."

"काडा म्हंतो न्हवं!"

"नाही काढणार."

त्यांची बोटं झाकणाच्या कडेखाली होती आणि माझा पंजा वर. सून दाराशी केरसुणी धरून उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आवाज ऐकून कर्नलसाहेब आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "देऊन टाका परत. रविवारी तमाशा नको. आपण फोटो लावू." मी म्हटलं, "मग सगळीकडे फोटोच लावा. फोटोला कसर लागत नाही आणि त्याला भाऊही नसतो." मला त्याच क्षणी कळलं की आपण चुकीच्या माणसावर ओरडतोय.

मी झाकणावरचा हात काढला.

"बाबा, माझं चुकलं," मी म्हटलं. "हे मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही, हे त्याहून वाईट. घोंगडी तुमची आहे. मागत असाल तर आत्ता देते. पण आत्ता नेलीत तर आतली अंडी जगतील, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिचा भुगा होईल."

"घोंगडीला ऊन दाकवायचं आस्तं. लिंबाचा पाला घालायचा. आमी काय येडं हाय व्हय?"

"उन्हानं रंग उडतो."

"मेंढीचाच रंग हाय त्यो. मेंढी उनातच फिरती की!"

तीस वर्षांत मला असं कुणी ऐकवलं नव्हतं. मी झाकण उचलून पिशवीतून दिसणारा कसरीचा कोपरा त्यांना दाखवला. ऊन आणि पाला देऊनही तिथली वीण झिजून गेली होती, खालच्या घडीची लोकर दिसत होती. त्यांनी तो कोपरा पिशवीवरूनच चाचपला.

"शुक्रवारी किती वाजता?"

"संध्याकाळी पाचला."

"मंग मी हितं बसतो. येकटी न्हाई ठिवायची."

आणि ते पेटीला पाठ टेकून फरशीवर बसले. माझा जीव भांड्यात पडला. पण त्याच वेळी माझी नजर त्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीवर गेली. मेंढरांत वावरलेली, बिनगोठवलेली लोकर, आणि एका भिंतीपलीकडे आमचे सगळे ओव्हरकोट.

"बाबा, ही बाहेर ठेवावी लागेल. आत चालत नाही. नियम आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हे उठून जातील. पण त्यांनी घोंगडी खांद्यावरून काढली आणि सुनेच्या हातात दिली. तिनं ती बाहेर कुंपणावर टाकली.

गुरुवारी ते सकाळच्या पहिल्या बसनं आले आणि त्याच जागी बसले. अंगात पातळ पैरण. त्या खोलीतला एसी जुना होता, त्याला एकच गारवा ठाऊक होता. कमी करायला गेलं की तो बंदच पडायचा. कर्नलसाहेबांनी खुर्ची पाठवली, ती बाबांनी भिंतीशी सरकवून ठेवली. सून चहा आणून देत होती. मी दालनात कार्डं लावत होते, दिवेवाल्याशी भांडत होते आणि काहीतरी निमित्त काढून मागच्या खोलीत डोकावत होते. दर वेळी ते तसेच, गुडघे पोटाशी घेतलेले आणि एक हात मागे पेटीवर.

दुपारी वळवाचं वारं सुटलं आणि वीज गेली. पेटीची घरघर थांबली. मी धावत आले. आतलं तापमान वर चढलं तर दिवस पहिल्यापासून मोजावे लागणार होते, म्हणजे रविवारची काचपेटी रिकामी आणि बाबांना आणखी दोन आठवडे इथे बसवायचं. जनरेटरवाल्याला आणखी दोन दिवसांनी यायचं होतं. मी पेटीबाहेरच्या आकड्यावर डोळे लावून उभी राहिले. उणे वीसचे उणे एकोणीस झाले. मी सुनेकडून जुन्या चादरी मागवून पेटीवर टाकल्या. बाबांनी त्या नीट खोचायला मदत केली, त्या थंडी टिकवायला आहेत हे ठाऊक असून. अर्ध्या तासानं वीज आली, पेटी पुन्हा घरघरू लागली आणि मी मोठ्यानं सुस्कारा सोडला.

"बरं वाटलं व्हय तुमाला?" बाबा म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. मी मान हलवली आणि बाहेर आले.

शुक्रवारी दुपारी हाताशी काम नव्हतं असं नाही, कामं डोंगराएवढी होती. पण मी जाऊन त्यांच्याजवळ फरशीवर बसले. फरशी गार लागत होती. त्यांच्या हातांवर काटा आला होता.

"थंडी वाजतेय का?"

"न्हाई."

थोड्या वेळानं ते आपणहून बोलू लागले. "आयनं दिली तवा दादा लई खूश झाला व्हता. सुटकेशीत मावंना तर खांद्यावर टाकून ग्येला. पन वर बर्फाकडं जायाची पाळी आली तवा न्हेऊ दिली न्हाई. त्येच्या संगतीचा येक गडी मागनं घरी आला व्हता, त्यानं सांगितलं. सरकारी कापडाबिगर दुसरं काय चालत न्हाई. नियम हाय, म्हनले. दादानं घडी घातली, पत्र्याच्या पेटीत ठिवली आन वर ग्येला."

"मग?"

"मंग पेटी आली. आयनं उगाडली. घडी तशीच. आय जलमभर म्हनायची, अंगावर आस्ती तर..." ते थांबले. "नियम आस्त्यात. त्येंचंबी बरुबर आसंल. त्येंची कापडं जास्त ऊबंची आस्तील, काय म्हाईत?"

मी त्यांच्या पैरणीकडे बघितलं. तीन दिवस त्यांना या गारठ्यात बसवून त्यांची घोंगडी मी कुंपणावर टाकायला लावली होती. त्यांच्या भावाला कुणीतरी जे सांगितलं होतं तेच मी त्यांना सांगितलं होतं, शब्दसुद्धा तोच वापरून. आणि त्यांनी ऐकलं, कारण त्यांच्या घरात नियम ऐकायची सवय होती.

मी उठले आणि बाहेर गेले. कुंपणावरची घोंगडी मे महिन्याच्या उन्हानं चांगली तापली होती. मी ती चार वेळा झटकली, तेवढीच माझ्या तीस वर्षांच्या शिस्तीची समजूत. काखेत मारून आत आले तर दारात कर्नलसाहेब.

"मॅडम, तुमचा नियम?"

"मोडला," मी म्हटलं.

मी ती बाबांच्या खांद्यांवर टाकली. त्यांनी दोन्ही टोकं मुठीत धरून ती गळ्याशी ओढून घेतली आणि डोळे मिटले. पाच वाजेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. पाचला मी पेटीची पिन काढली आणि पिशवी बाहेर ठेवली.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पिशवी उघडली. एक दिवस बाहेर राहून ती खोलीइतकी कोमट झाली होती. मी, कर्नलसाहेब, बाबा आणि सून, चौघंच होतो. शेवटची काचपेटी उघडून ठेवली होती आणि आत मी आठवडाभर आधी मापानं बनवून घेतलेली पाटी होती, घडीच्या आकाराची. मी हातमोजे घातले, घोंगडी उचलली आणि पाटीवर ठेवायला वाकले.

"घडी नगं," बाबा म्हणाले.

"बाबा, ही काचपेटी लहान आहे. उलगडून मावणार नाही."

"घडी घालूनच आली व्हती ती. आता तरी नगं."

उद्घाटनाला सोळा तास राहिले होते. दालनात दुसरी मोकळी जागा नव्हती. मी कर्नलसाहेबांकडे बघितलं. आता ‘रविवारी होईल ना’ ऐकायची माझी तयारी होती. ते दालनाच्या मध्यभागी गेले. तिथे सगळ्यात मोठ्या काचेत, बिनडोक्याच्या पुतळ्यावर, एक ओव्हरकोट घातलेला होता. तो त्यांचा स्वतःचा होता. त्यांनी कुलूप काढलं, एकेक बटण सोडलं, कोट उतरवून हातावर घेतला आणि पुतळा मोकळा करून बाजूला झाले.

"इथे लावा," ते म्हणाले.

मी बाबांपुढे हातमोज्यांची दुसरी जोडी धरली. मग मलाच ते कसंतरी वाटलं आणि मी ती खिशात टाकली. त्यांनी उघड्या हातांनी घोंगडी पूर्ण पसरली, एक टोक दुमडलं, दुसरं त्यावर आणलं आणि धनगर पावसात करतात तशी खोळ केली. हात आपोआप चालत होते, बघायचीही गरज नव्हती. ती खोळ त्यांनी पुतळ्याच्या खांद्यांवर चढवली. डोकं नसूनही जाड लोकर आपली आपण वर उभी राहिली. त्यांनी पुढची दोन्ही टोकं जवळ आणली, गळ्याशी जरा घट्ट केली, कसरीनं खाल्लेला कोपरा आत सारला.

"दादा," ते म्हणाले, "आता नीट पांगरून बस."

सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली. कर्नलसाहेब हातावरच्या कोटाच्या बाह्या सरळ करत राहिले. मी काच लावली आणि कुलूप घातलं.

रविवारी दिवे लागले, भाषणं झाली, पाहुणे एकेका वस्तूपुढे थांबत पुढे गेले. मधल्या काचेशी आले की प्रत्येक जण जरा वाकून खोळीच्या आत बघायचा. तिथे चेहरा असेल असं वाटतं खरं. बाबा मात्र कुठे दिसेनात. शोधत गेले तर फाटकाशी उन्हात बसले होते, खांद्यावर घोंगडी.

"बाबा, आत चला. सगळे तुमच्या भावालाच बघतायत."

ते उठले नाहीत. आधी विचारलं, "ती बर्फाची पेटी हाय का हितं आजून?"

"नाही. पहाटेच टेम्पोत घालून परत पाठवली."

"ग्येली नक्की?"

"गेली."

मग ते उठले, घोंगडी खांद्यावर नीट केली आणि माझ्याबरोबर आत आले.